वागळेसाहेब आणि सार्वजनिक उपद्रव

वागळेसाहेब रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून हवा हुंगत. मान किंचित वर, डोळे मिटलेले. मग निकाल जाहीर होई, "सुकट. सार्वजनिक उपद्रव."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अजमानमध्ये त्यांच्या आणि आमच्या फ्लॅटची भिंत एकच होती. वागळे दुबईतल्या टाइल्सच्या कंपनीत पर्चेस मॅनेजर होते. पण तरुणपणी मुंबईत संध्याकाळच्या लॉ कॉलेजात वर्षभर बसले होते, आणि तिथून ते मनाने कधी उठलेच नाहीत.

समोर एक जुनी व्हिला होती. मालक वारलेला, मुलं वाटणीवरून भांडणारी, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. तिथे राजापूरकडचे काही गवंडी कुणाला न विचारता येऊन राहिले. त्यांची कंपनी बुडाली होती आणि मालक त्यांच्या पासपोर्टांसकट नाहीसा झाला होता. वकिलातीतून घरी जायचे कागद मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. वागळेसाहेबांना तीही अवाजवी वाटली.

"मग पोलिसांना सांगा," मी म्हणालो.

"घुसखोरीची तक्रार मालकाने करायची असते," वागळे दयाबुद्धीने म्हणाले. "तुम्हा सायन्सवाल्यांना हे कळायचं नाही. माणसाला हात लावायचा नाही. त्याच्या न्यूसन्सला लावायचा. माणूस आपोआप खलास."

मग त्यांचे बलदियाला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन सुरू झाले. कुंपणावर कपडे वाळतात. नोटीस. अंगणात पाणी साचतं, डास होतात. नोटीस. सुकटीचा वास. नोटीस. इंग्रजी असं, की पलीकडच्या ऑपरेटरने साम्राज्य परत आल्याचं समजावं.

पण गवंडी हे गवंडीच. कपडे आत गेले. अंगणाला असा उतार दिला, की पाण्याला थांबायची हिंमत होईना. भिंतींना गिलावा झाला. सुकट फक्त शुक्रवारी, तीही खिडक्या लावून. काही महिन्यांत ती व्हिला गल्लीतली सर्वांत देखणी इमारत झाली आणि आमची ही मला विचारू लागली, "आपल्या भिंतीला पोपडे का?"

शिवाय प्रत्येक नोटीस ते दाराशी प्लास्टिकमध्ये घालून टांगत. त्यांचा म्होरक्या महादेव मला अभिमानाने म्हणाला, "सरकारान घरार कागद लावल्यान, म्हंजे घर नोंदला. आमच्या ग्रामपंचायतीत असाच असता. वागळेसायबांचे उपकार."

हे मी वागळ्यांना सांगितलं. दोन दिवस त्यांनी हवा हुंगली नाही.

शेवटी त्यांनी हुकमाचा एक्का काढला. आमची वस्ती कुटुंबांची. तिथे बायकामुलांशिवाय राहणाऱ्या पुरुषांना, म्हणजे तिकडच्या भाषेत बॅचलरांना, मनाई होती. इन्स्पेक्टर आला. वागळे सूट घालून खाली उतरले. अजमानच्या ऑगस्टमध्ये सूट.

"सब बॅचलर," त्यांनी गवंड्यांकडे बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं. "और तुम्हारा फॅमिली किधर?"

"इंडिया. बेटी का स्कूल."

"कब आएगा?"

"नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला."

हा नेक्स्ट मंथ मी तीन वर्षं ऐकत होतो. इन्स्पेक्टरने तो आयुष्यभर ऐकला असावा. "तो हबीबी, तुम भी बॅचलर," तो म्हणाला आणि त्याने पेन पुन्हा उघडलं.

वागळ्यांना एकही कलम आठवेना. तेवढ्यात महादेव पुढे झाला. "नाय साब. इनका फॅमिली है. भाभी अब्बीच बाजार गया."

इन्स्पेक्टरने दोघांकडे पाहिलं आणि हसून पेन मिटलं. गवंड्यांना आठवड्याची मुदत देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वागळे ऑफिस सोडून बलदियात गेले. तक्रार मागे घ्यायला. उपद्रव संपुष्टात आला आहे, असं त्यांनी तिथे बजावलं म्हणे. क्लार्क म्हणाला, वास जाऊ शकतो, डास जाऊ शकतात. बॅचलर हा बॅचलरच राहतो.

मुदत संपली त्या दिवशी गवंड्यांची बोचकी वागळ्यांच्या गाडीत चढत होती. शारजाच्या एका लेबर कॅम्पात त्यांनीच कुणाला तरी सांगून जागा केली होती. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "फुटपाथवर सामान ठेवणं हा न्यूसन्स आहे." आणि यल्ला, चला, म्हणून गाडी सुरू केली.

संध्याकाळी गाडी परत आली, पण वागळे उतरेनात. एसी चालू ठेवून आतच बसले होते. आमच्या हिने वरून पाहिलं आणि मला जेवायला बोलवायला पाठवलं.

वागळे जेवले. ताक संपल्यावर हिला म्हणाले, "वहिनी, सकाळी तुमच्या मिक्सरचा आवाज भिंतीतून येतो."

ही घाबरली. "उद्यापासून उशिरा लावते हो भाऊजी. बंद दाराआड लावते."

"नको," वागळे ताटाकडे पाहत म्हणाले. "येतो तसा येऊ दे."