बिनपाटीची गाडी

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी पहिल्यांदा लिंक टाकली, तेव्हा तिसऱ्या मिनिटाला दाराची कडी वाजली. दारात कंट्रोलर काका. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात मोबाईल.

"बाई, ही गाडी कुठं चालली?"

"कुठली गाडी, काका?"

"ही. तुमी आत्ता सोडली ती." त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या फॉर्मची ती लिंक होती. "हिची पाटी कुठंय? सात-आठ अक्षरं, तीबी गिचमिड. कुठनं आली, कुठं जानार, मार्गे काय, कायबी पत्ता न्हाई. अशा गाडीत मानूस चढंल का?"

मी मास्तरीण. समजावून सांगायची खोड जाता जात नाही. मी त्यांना सांगितलं, की मूळ पत्ता हातभर लांब असतो. तो आखूड करून देणाऱ्या वेबसाइट असतात. आखूड लिंक पाठवायला बरी, फळ्यावर लिहायला बरी. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाटी काढून ठिवायची आन् वर म्हनायचं गाडी हलकी झाली."

ते खरंच होतं. पत्ता आखूड करताना तो कुठे जातो हेच झाकलं जातं.

काकांचं खरं नाव बबनराव. पण नगरच्या एसटी स्टँडवर त्यांनी चौतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढली, आणि निवृत्त झाल्यावर स्टँड सुटलं तरी कंट्रोल सुटला नाही. कोणी पुण्याला निघालं म्हटलं, की हे विचारणार, "मार्गे सुपाच ना?" आता नगरहून पुण्याला जाणारा माणूस सुप्यावरून नाही तर कुठून जाणार? पण "व्हय" असं उत्तर मिळाल्याशिवाय ते वाट सोडत नाहीत. घरातल्या डब्यांवर नुसतं 'साखर' लिहिलेलं नाही, 'साखर, चहासाठी' असं आहे. स्कूटरच्या हँडलला एक दगडी पाटी दोरीने बांधलेली. बाहेर पडताना ते तिच्यावर खडूने लिहितात : 'गिरणी. मार्गे भाजी मंडई.' म्हणजे कोणाला कोथिंबीर हवी असेल, तर त्याने हात करावा. सुरुवातीला आम्ही हसलो. नंतर हात करायला लागलो. माझी कोथिंबीर गेली कित्येक वर्षं त्याच गाडीने येते.

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. घरात काका एकटेच.

पवारांचं प्रकरण झालं नसतं, तर काकांचं हे लिंकवेड आम्ही थट्टेवारीच नेलं असतं. आमच्या शेजारच्या पवारांना एका भल्या सकाळी 'लग्नाला यायचं हं' असं लिहिलेली आखूड लिंक आली. कोणाचं लग्न, हे पाहायला पवारांनी ती दाबली. लग्न कोणाचंच नव्हतं. मोबाईल मात्र गेला भलत्याच्या ताब्यात, आणि दुपारपर्यंत पवारांच्या नावाने तेच निमंत्रण त्यांच्या साहेबांना, व्याह्यांना आणि दाढांच्या डॉक्टरांना जाऊन पोचलं. पुढचा आठवडाभर पवार फोन करून करून लोकांना सांगत होते, की आमच्याकडे लग्न नाही. त्यांची दोन्ही मुलं केव्हाच उजवलेली, त्यामुळे व्याही तर फारच घाबरले होते.

त्या दिवसापासून काकांचा अधिकार वाढला. मी त्यांना एक वेबसाइट दाखवली. तिच्यात आखूड लिंक टाकली, की न उघडता तिच्या मागचा पूर्ण पत्ता दिसतो. काका हरखलेच. "म्हंजे गाडीच्या म्होरं जाऊन पाटी वाचायची सोय हाय की!" मग ग्रुपवर आलेली प्रत्येक लिंक ते तपासायचे आणि खाली शेरा मारायचे : 'पाटी वाचली. चढण्यास हरकत नाही.' किंवा, 'बिनपाटीची. कोणी चढू नये.' आम्ही खाली अंगठा उमटवून मोकळे.

पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. रक्तदान शिबिराची नावनोंदणी निघाली, तेव्हा काकांनी हट्ट धरला, की नोटीस बोर्डावर आखूड लिंक चालणार नाही, पूर्ण पत्ता पाहिजे. सुवाच्य अक्षरात त्यांनी तो खडूने लिहिला. चार ओळी झाल्या. लोक बोर्डासमोर माना वर-खाली करत एकेक अक्षर मोबाईलमध्ये घालत होते. कोणाचं शून्य चुकलं, कोणाची आडवी रेघ राहिली. संध्याकाळपर्यंत एकच नाव नोंदलं गेलं, ते काकांचं स्वतःचं, आणि वयात बसत नाही म्हणून तेही बाद झालं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः फडकं घेऊन आले. चार ओळी पुसल्या आणि म्हणाले, "सांगा तुमची आखूड." मी सांगितली. त्यांनी ती लिहिली आणि खाली जोड दिली : 'ही गाडी रक्तदान फॉर्मला जाते. सोडणाऱ्या : जोशीबाई, घर नंबर सात. शंका असल्यास बेल वाजवावी.' दुपारपर्यंत एकोणीस नावं आली, आणि माझी बेल सव्वीस वेळा वाजली. पण तोडगा मात्र शंभर नंबरी होता. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर लिंक आखूडच येते, पण सोबत कुठे जाते आणि कोणी सोडली हे लिहिलेलं असतं.

एवढं पाटीपाटी करण्यामागे नुसता स्टँडचा सराव नव्हता, हे मला उशिरा कळलं. काकांना एक मुलगी, शुभा. अडीच वर्षांपूर्वी तिने भंडारदऱ्याच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी कळवलं. मुलगा तिथे पर्यटकांसाठी तंबू लावतो. सरळमार्गी आहे म्हणतात. पण काकांनी बोलणं टाकलं. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "पोरगा वंगाळ हाय असं मी कवा म्हनलो? पन पाटी न लावता गाडी सोडली तिनं, बाई. बापाला निघाल्यावर सांगतात व्हय?" आणि लगेच स्कूटरची पाटी पुसायला लागले.

तिच्या लहानपणीचा एक किस्सा मात्र ते दर दिवाळीला सांगायचे. शाळा सुटली, की शुभा त्यांच्या केबिनमध्ये येऊन बसायची. एकदा काका ड्रायव्हरशी बोलायला बाहेर गेले, तेवढ्यात या सहा वर्षांच्या बयेने माइक सुरू केला आणि साऱ्या स्टँडला ऐकवलं : "प्रवाशांनी लक्ष द्यावे. माझ्या आप्पांना भूक लागली आहे." फलाटावरची माणसं हसली, आणि एका म्हातारीने खरंच भाकरी आणून दिली. काका हे सांगताना माइकसारखी मूठ तोंडाशी धरायचे. गेल्या दोन दिवाळ्यांत त्यांनी तो किस्सा सांगितला नव्हता.

या भाऊबीजेला सुप्याहून त्यांची बहीण आली. ओवाळून ती गेली आणि तासाभरात काका माझ्याकडे आले. कपाळावरचा टिळा तसाच. खुर्चीवर बसले, मोबाईल टेबलावर ठेवला.

"बाई, गेलेली गाडी परत फलाटाला लागती का?"

मोबाईलवर एक जुना मेसेज होता. अनोळखी नंबर, गुलाबाच्या फुलाचा फोटो, 'नक्की बघा' एवढेच शब्द आणि खाली आखूड लिंक. मला तो लगेच आठवला, कारण श्रावणात काकांनी पाटी वाचायचीही तसदी न घेता याच मेसेजचा फोटो ग्रुपवर टाकून लिहिलं होतं : 'सावधान. बिनपाटीची. नंबर त्वरित ब्लॉक करावा.' सगळ्या कॉलनीने केला होता. मीसुद्धा.

तो शुभाचा नवा नंबर होता. डोंगरात जुन्या कार्डाला रेंज येईना, म्हणून तिने तो बदलला होता. श्रावणात तिच्या मुलीचं बारसं झालं. ते नगरला बसून दिसावं म्हणून जावयाने लिंक केली होती. आपलं नाव लिहिलं तर आप्पा बघायचेच नाहीत, असं वाटून शुभाने नाव घातलं नाही. हे सगळं आत्याकडून आज कळलं.

मी लिंक दाबली. पांढऱ्या पानावर एकच ओळ आली, की ही लिंक आता चालू नाही. आखूड लिंकचं हेही एक दुखणं. मुदत संपली, की ती कुठे जात होती याचाही माग राहत नाही.

"बत्तीस घरं हायेत आपल्या कॉलनीत," काका म्हणाले. "बत्तीस घरांनी माझ्या पोरीला ब्लॉक केलं. माझ्या सांगन्यावरून." आणि त्यांनी चष्मा काढला. मी चहा टाकायला उठले.

चहा पिऊन झाल्यावर म्हटलं, "फोन करा तिला."

"न्हाई जमायचं. आवाज न्हाई निघनार."

"मग लिहा."

मी नंबर मोकळा करून दिला. काकांनी एका बोटाने, चार वेळा खोडून लिहिलं : 'शुभे, गाडी चुकली माझी. पुढची कधी हाय?' पाठवलं, आणि मोबाईल पालथा घालून बसले. मी उगीच वह्या तपासायला घेतल्या. एक वही मी दोनदा तपासली, दोन्ही वेळा वेगळे मार्क दिले.

मोबाईल वाजला. काकांनी तो माझ्याकडे सरकवला. "तुमीच वाचा."

मी वाचलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. भंडारदऱ्यात एकीला आजोबा हवे आहेत."

खाली आखूड लिंक होती. कुठे जाते, कोणी सोडली, काही लिहिलेलं नव्हतं. मी तपासायची वेबसाइट उघडेपर्यंत काकांनी लिंक दाबलीसुद्धा. बाळ होतं. टोपडं नाकावर आलेलं, तोंड पूर्ण उघडं, आणि आवाज असा, की माझ्या स्वयंपाकघरातली मांजर पळाली. काकांनी व्हिडिओ संपल्यावर पुन्हा लावला.

"माइकची गरज न्हाई हिला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. त्यांच्या हातात अनारशांचा डबा, त्यावर चिठ्ठी : 'अनारसे, शुभासाठी.' जुने लोक "राम राम, साहेब" करत होते, यांचं लक्ष नव्हतं. एक गाडी वळून फलाटाला लागली, दार उघडलं, आणि गर्दीत सगळ्यात आधी काका चढले. चौतीस वर्षं लोकांना पाटी वाचून चढायला सांगणारा माणूस समोर न बघता चढला, आणि खिडकीशी बसून मोबाईलमध्ये तोच व्हिडिओ बघायला लागला.

मी धावत गाडीच्या पुढे गेले आणि पाटी वाचली. नगर - भंडारदरा. मार्गे संगमनेर, अकोले.