जोड पक्का होता

काकांच्या मॉडेमवरचा लाल दिवा सकाळपासून लुकलुकत होता आणि जोडवाल्याचा जीव त्या दिव्यात अडकला होता. रस्ता खणताना तुटलेली इंटरनेटची फायबर काल त्यानेच जोडली होती. म्हणून तर गल्ली त्याला जोडवाला म्हणायची. सगळी गल्ली चालू झाली, हे एक घर सोडून. आणि लाइनवाचून ज्याचं अडणार, असं घर नेमकं हेच.

काकांची बायको सहा महिन्यांपासून लांब, मुलीकडे होती. तिला विसरण्याचा आजार जडला होता. रोज पाचला मुलगी तिच्यासमोर फोन धरायची आणि काका आपला चेहरा दाखवायचे. घरात मोबाइलची रेंज यायची ती जिन्यात, तीही हॅलो म्हणण्यापुरती.

"डॉक्टर म्हणाले, रोज दिसत राहा. खंड पडला तर अवघड आहे," काका म्हणाले. "दोन दिवस गेले. आज पाचपर्यंत होईल ना?"

"अर्ध्या तासात करतो, काका," जोडवाला बोलून गेला.

मीटर लावला तर फायबरमधून उजेड येत होता, पण अगदीच मरतुकडा. दुरुस्तीनंतर बिघाड म्हटला की संशय जोडावरच जातो, आणि जोड आपलाच असला की माणूस जास्त चिडतो. तो कोपऱ्यावरच्या खांबावर चढला, डबा उघडला, केसाएवढी फायबर कापली आणि जोडणीच्या मशीनमध्ये धरून पुन्हा जोडली. मशीनने जोड उत्तम असल्याचं सांगितलं. घरी येऊन पाहतो तर उजेड मघापेक्षाही कमी.

मग त्याने पुन्हा कापली, पुन्हा जोडली. दर जोडाला चार बोटं फायबर वाया जाते. तिसऱ्या खेपेला ती मशीनपर्यंत पोचेना, म्हणून त्याने फायबरी ठेवायचा आतला ट्रे जरा ओढला. त्या ओढण्यात शेजारच्या चार घरांच्या फायबरी तुटल्या. खांबाखाली लगेच माणसं जमली. एका बाईंचा ऑनलाइन वर्ग बंद पडला होता. एका तरुणाची मुलाखत पगाराच्या प्रश्नावर येऊन थांबली होती आणि तो खांबाला धरून उभा होता.

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "एका तक्रारीच्या पाच कशा झाल्या?"

"वाढल्या, साहेब," जोडवाला म्हणाला. दुसरं काय सांगणार?

चार घरं चालू करून, काकांची फायबर कशीबशी जोडून तो खाली उतरला तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. दारातून पाहतो तर काका मॉडेमजवळ मांडी घालून बसलेले. एका हातात वायरीचं टोक, दुसऱ्या हातात तेलाची छोटी बाटली.

"काका, काय करताय?"

"पुसतोय. लाइन गेल्यापासून पुसतोय. तुम्ही गेलात की दरवेळी काढून पुसतो आणि मशीनच्या तेलाचा थेंब सोडतो. हिच्या शिवणाच्या मशीनला मीच घालायचो. कधी अडली नाही."

त्या तेलानेच उजेड अडत होता. आधी घरातलं टोक बघायचं, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. ते न बघता तो दिवसभर स्वतःचा चांगला जोड कापत बसला होता. त्याने गुपचूप स्पिरिटच्या कापडाने टोक पुसलं आणि खोचलं. दिवा हिरवा झाला.

काकांच्या हातांना तेल लागलं होतं, म्हणून फोन जोडवाल्यानेच लावला. पडद्यावर काकू आल्या. केस नीट विंचरलेले होते.

"अहो," त्या मिशीवाल्या जोडवाल्याकडे बघून म्हणाल्या, "कुठे होतात इतके दिवस?"

त्याने घाईने फोन काकांकडे वळवला.

"हे कोण? तुम्ही या ना समोर." फोन परत जोडवाल्याकडे वळला. "किती वाळलात. मिशी तेवढी तशीच आहे."

"आई, अगं बाबा ते..." पलीकडून मुलीचा आवाज आला आणि तिथेच थांबला.

"काकू, मी..." जोडवाल्याने सुरुवात केली, पण काकांनी त्याचा खांदा दाबला. "बोला," ते हळूच म्हणाले. "तिला बोलू द्या."

"लाइन बंद होती," जोडवाला म्हणाला. निदान हे तरी खरं होतं.

"आणि तुमच्या मागे ते म्हातारे कोण?"

काकाच जरा पुढे झाले. "मी लाइन दुरुस्त करायला आलोय, ताई."

"नीट करा हो. दोन दिवस यांचं तोंड दिसलं नाही, मला घास जाईना."

"करतो. आता नाही तुटणार."

"अहो, त्यांना चहा दिल्याशिवाय पाठवू नका. दमलेत बिचारे."

फोन बंद झाल्यावर जोडवाला स्वयंपाकघरात गेला, दोन डबे उघडल्यावर तिसऱ्यात साखर सापडली, आणि त्याने चहा केला. डोळे भरून आले होते, ते त्याने तिथेच पुसले. बाहेर काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, परक्या घरात बसावं तसे. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"छान झालाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उद्या पाचला याल?"

"येतो, काका."

"आणि तेवढी मिशी राहू द्या."