पेटत्या डोंगरावरचा दगड

"शिशाच्या क्लोराइडचे गुणधर्म लिहा," असा प्रश्न मला बी.एस्सी.च्या परीक्षेत आला होता. मी झोकात लिहिलं होतं: पांढरं, मऊ, आकाराच्या मानाने जड, थंड पाण्यात जेमतेम विरघळतं, उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी. पैकीच्या पैकी मार्क. आणि त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, पौडच्या शाळेत, मी शिशाचं क्लोराइड असलेला दगड उकळत्या पाण्यात घालून धुतला. का? तर स्वच्छ व्हावा म्हणून! नातवंडं विचारतात, "आजी, तू हुशार होतीस?" मी ठणकावून हो म्हणते. या वयात खोटं बोललेलं खपतं.

तो दगड ढमाले मास्तरांचा.

ढमाले मास्तर आमच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि जगातली प्रत्येक वस्तू तळहातावर तोलून बघायचे. बाजारातली वांगी, पोस्टातून आलेलं पाकीट, परीक्षेचे पेपरसुद्धा. गठ्ठ्यातला एक पेपर उचलायचा, हात दोनदा खालीवर करायचा आणि जाहीर करायचं, "ह्यो गेला." मग तपासायचा. तो गेलेला असायचाच. हेडमास्तरांच्या मुलीचं बारसं झालं, तेव्हा कौतुकाने बाळ ढमाले मास्तरांच्या हातात दिलं. सगळे आशीर्वादाची वाट बघतायत आणि मास्तर म्हणाले, "सात पौंड. कुंची धरून."

"डोळं फसवत्यात, बाई," ते मला नेहमी सांगायचे. "तळव्याला इचारा."

मी रुजू व्हायला आले ती पुण्याहून एस.टी.ने. अंगभर धूळ, पण केसांत अबोलीचा गजरा आणि हातात पदवीचं सर्टिफिकेट. मास्तरांनी ते तळहातावर घेतलं, जरा झुलवलं आणि परत दिलं. "हलकं हाय." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता दगडाविषयी. लिंबाएवढा काळा दगड, एका अंगावर काचेसारखा चकाकणारा पांढरा थर. मास्तरांचा धाकटा भाऊ महादू मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, पलटणीबरोबर इटलीला गेला होता. तिथून त्याने एका सोबत्याच्या हाती हा दगड आणि चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी मास्तरांना पाठ होती: "दादा, हितं डोंगर पेटलाय. त्याच्या भोकातनं धूर निगतो, त्या भोकाच्या काठाला ह्ये पांढरं जमतंय. हितला येक डाक्टर म्हणला, ह्येच्यात शिसं हाय. तुला शाळंत दावाया धाडतोय."

दगड आला. महादू आला नाही.

महादू पंचक्रोशीत थापाड्या म्हणून नावाजलेला. ताम्हिणीच्या रानात आपण वाघाच्या थोबाडीत दिली, असं सांगणारा माणूस. तेव्हा चावडीवर पाटलांनी निकाल देऊन टाकला, "डोंगर पेटला म्हनं! धुरातनं शिसं पडलं म्हनं! जाता जाताबी थाप मारूनच गेला गडी."

पुढे पुण्याचे एक प्राध्यापक सहलीला आले होते. त्यांनी दगडाला हातही न लावता सांगितलं की हा इथलाच. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत असले पांढरे स्फटिक असतात, भूगावच्या खाणीत पोत्याने मिळतील. झालं! आता महादूच्या थापेवर पुण्याचा शिक्का बसला.

तेव्हापासून मास्तर एका तळहातावर खाणीतला दगड आणि दुसऱ्यावर महादूचा दगड घेऊन येईल त्याला विचारायचे, "बघा, ह्यो जड हाय का न्हाई?" मलाही विचारलं. मला दोन्ही सारखेच लागले. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण मी पडले पदवीधर. म्हणाले, "प्राध्यापक म्हणतात तेच खरं असणार, मास्तर."

मास्तरांनी हात खाली घेतले. दोन्ही दगड कपाटात ठेवून वर्गावर गेले.

मग डिपोटीसाहेब तपासणीला येणार अशी वर्दी आली. मी पदर खोचला आणि प्रयोगशाळा, म्हणजे दोन कपाटं, एक स्टोव्ह आणि काही बाटल्या, लख्ख करायला घेतली. खाणीतला दगड उकळून काढला, छान उजळला. मग महादूचा काजळलेला दगड काचेच्या चंचुपात्रात घातला, स्टोव्हवर उकळत ठेवला आणि फळा पुसायला गेले. परत येऊन बघते तर पाण्यात काळा दगड. नुसता काळा!

आणि दारात मास्तर.

"बाई, वरचं पांढरं कुटं गेलं?"

"वि... विरघळलं," मी म्हणाले. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा माझं डोकं चाललं. "मास्तर! खाणीतला नाही विरघळला! हा विरघळला!"

मास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. दगड चिमट्याने काढला, चंचुपात्राला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते माठाशेजारी ठेवलं. आम्ही दोघं फरशीवर फतकल मारून बसलो. पाणी निवत गेलं. आणि मग त्या पाण्यात एक सुई चमकली. मग दुसरी. मग इतक्या की तळाशी पांढऱ्याशुभ्र, लखलखत्या सुयांचा ढीग झाला.

मी वरचं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि पोटॅशियम आयोडाइडचे चार थेंब टाकले. हळदीसारखं पिवळंधमक!

"शिसं!" मी किंचाळले. "मास्तर, शिसं आहे!"

मास्तर उठले आणि त्यांनी शाळेची घंटा अशी बडवली की वर्ग आपोआप सुटले. पुढे चंचुपात्र धरून मास्तर, मागे पिवळी नळी उंच धरून मी, त्यामागे अख्खी शाळा, अशी मिरवणूक चावडीवर गेली. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, सुयांत बोट बुडवलं आणि जिभेकडे नेलं. "मीटच असंल..."

"चाटू नगा, पाटील!" मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. "इख हाय! शिसं हाय त्ये! माज्या महादूनं धाडलेलं शिसं!"

पाटलांनी धोतराला बोट पुसलं. पिवळ्या नळीकडे बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "महादबा, चुकलं रं आमचं."

पोरांनी महादूच्या नावाचा असा जयजयकार केला की बाजारातली माणसं तागड्या टाकून धावत आली. मास्तरांनी त्या दिवशी प्रत्येकाला सुया दाखवल्या, प्रत्येकाला चिठ्ठी म्हणून दाखवली. मीही मिरवून घेतलं, जणू दगड मी मुद्दामच उकळला होता.

शाळेत परत जाताना मला राहवेना. "मास्तर, शिशाच्या क्लोराइडचा उकळत्या पाण्यात विरघळण्याचा हा गुण तर तुम्ही दर वर्षी पोरांना शिकवता. कधीतरी नखाएवढी कपची काढून गरम पाण्यात टाकायची होती. एवढी वर्षं लोकांचं ऐकून घ्यावं लागलं नसतं."

ते चालता चालता थांबले.

"आन न्हाई इरघळली असती तर, बाई?"