ढोले सरांची सावड

सकाळचे सात वाजले की ढोले सर माझ्या अंगणातल्या बिनबैलाच्या बंडीवर चढून बसतात, मोबाईल तोंडापुढं धरतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतात, "बोला, आज कोणाच्या वावरात जायचं?"

शेत-वावर काही नाही. सर कॉलेजच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतात. शेलूबाजारातलं माझं घर टिनाचं, आत रेंज येत नाही, म्हणून बंडी. दोन वर्षांपासून ते माझ्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहतात. वय चाळीस, लग्न नाही, शर्टाला कडक इस्त्री आणि पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला. "एकाची डावी चांगली राहिली, दुसऱ्याची उजवी. काहून फेकायच्या, काका?" असं त्यांचं अर्थशास्त्र.

माणूस मला आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको कौसल्या गेली आणि तिसऱ्या महिन्यात हे राहायला आले. मला घरात आवाज नको होता आणि या माणसाचं तोंड झोपेतच काय ते बंद. चहा संपला की रिकामा कप दाखवून म्हणणार, "काका, मागणी हाय, पुरवठा नाही."

"सरळ चहा मागा नं बाप्पा," मी म्हणायचो. कौसल्या असती तर तिनं हसून दुसरा कप भरला असता. मी अर्धाच भरायचो.

सावडीची गोष्ट मीच त्यांच्या डोक्यात घातली. त्यांच्या वर्गातली दहा पोरं दहा गावची. एस.टी. चुकली की कॉलेज चुकलं. म्हणून सरांनी मोबाईलवर त्यांचा गट केला होता. पण जो तो आपल्यापुरतं विचारायचा आणि गप होऊन जायचा. सर एकदा कपाळाला हात लावून बसले, तेव्हा मी म्हटलं, "आमच्यात सावड असे. आज सगळे मिळून याच्या वावरात निंदाले, उद्या त्याच्या. मजुरी नाही, नुसती पाळी."

सर उठून उभेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर सावड सुरू. ज्याची पाळी, त्यानं आपल्याला न समजलेला धडा सांगायचा आणि बाकी नऊ जणांनी तासभर त्याच्याच धड्याला लागायचं. कोणी बोलून उदाहरण पाठवायचं, कोणी वहीचा फोटो, कोणी आडवेतिडवे प्रश्न. मी बाजेवर बसून ऐकायचो. माती न लागता सावड होते, हे मला पटत नव्हतं. पण पोरं शिकत होती, खोटं कायले बोलू.

एक दिवस सरांनी विचारलं, "काका, एखादा दुसऱ्याच्या पाळीले आलाच नाही तर?"

"तर त्याच्या वावरात कोणी जात नाही. साधी गोष्ट हाय."

सरांनी ते गटात सांगितलं. पोरांना भारी आवडलं.

त्या नियमात सापडली रेखा. पोहरादेवीकडच्या तांड्यावरची पोर. दिवाळी झाली की तिचे मायबाप ऊसतोडीला जातात, यंदा तिलाही सोबत नेलं. मोबाईल बापाचा, आणि सकाळी सातला फडावर ट्रक भरायचा असतो. दुसऱ्यांच्या सगळ्या पाळ्या तिच्या हातून चुकल्या, आपलीही. परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा पुन्हा तिची पाळी आली. त्या दिवशी बापानं तिला कामातून तासभर सोडलं होतं. तेवढ्या तासात जे समजेल त्यावर तिची परीक्षा.

सर बंडीवर चढले. "चला, आज रेखाच्या वावरात."

विशाल नावाच्या पोराचा आवाज आला, "सर, नियम तुमीच सांगतला. ते आमच्यासाठी आली नाही, आमी तिच्यासाठी काहून येऊ?" त्याच्याखाली बाकीच्यांनी अंगठे टाकले.

लगेच रेखाचा आवाज, "राहू द्या सर. मी ट्रक भराले जाते."

"थांब पोरी," सर म्हणाले, "मोबाईल ठेवू नको." मग खाली उतरून माझ्यासमोर उभे राहिले. "काका, हा नियम असाच हाय नं?"

कौसल्या अंथरुणाला खिळली तेव्हा दोन महिने मी कोणाच्या वावरात गेलो नाही. माझ्या पाळीला कोणी आलं नाही. तूर उभ्या उभ्या वाळली, शेंगा तडकल्या, दाणे मातीत गेले. माझ्या बापाच्या काळात ज्याच्या घरी आजारपण, त्याच्या वावरात लोक आधी जात. माझ्या मनात जळत होतं, ते मी नियम म्हणून सरांना सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "खोटा हाय. रागानं सांगतला मी."

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मंग तुमीच सांगा त्यायले. माझं ऐकाची सक्ती नाही त्यायच्यावर. मी तासावरचा मास्तर. कॉलेजनं यंदा मले तासच दिले नाहीत. जूनपासून."

जूनपासून हा माणूस कोणाचाच सर नव्हता. सकाळचा हा एक तास तेवढा उरला होता त्याच्याजवळ, आणि तोही मी मोडत आणला होता.

गुडघे धरत मी बंडीवर चढलो. "पोट्टेहो, मी घरमालक बोलून राह्यलो. तो नियम सराचा नाही, माझा हाय. माझी बायको मराले टेकली होती, तवा माझ्या वावरात कोणी आलं नाही. ते मले अजून सलते. म्हणून तुमाले तसंच शिकवलं. आता त्या पोरीच्या वावरात जाचं तर जा, नाही तर झोपा."

आम्ही वाट पाहिली. नऊपैकी दोघं आले. विशाल आला नाही. मेडशीच्या एका पोरीनं विचारलं, "रेखा, काय नाही समजलं तुले?"

"मागणीची लवचिकता," रेखा म्हणाली. मागं ट्रक घुरघुरत होता. "पहिल्या पानापासून."

"आधी हजेरी घेतो," ढोले सर म्हणाले. दहा जण असले की ते नुसते आकडे म्हणायचे. त्या दिवशी तिघांची नावं बापाच्या नावासकट, आडनावासकट घेतली. एकेका नावाला उत्तर येईपर्यंत थांबले. हजेरी लिहायला रजिस्टर नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तळहातावर तीन बारीक खुणा केल्या.