सुमनबाईंची टोपली

लोक केराच्या टोपलीत केर टाकतात. सुमनबाई तिच्यात ठेव ठेवतात.

परंड्यात बसस्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आहे. हा माऊस, हा कीबोर्ड, हा डबा म्हणजे सीपीयू, हे इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगून झालंय की झोपेतही माझं बोट क्लिक करतं. उत्साह केव्हाच आटला. त्यात गेल्या वर्षी सुमनबाई आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पर्समध्ये दोन चष्मे, आणि काहीही शिकवलं की एकच प्रश्न, "सर, लाईट गेल्यावर ह्यात काय ऱ्हातं?"

मॉनिटरमध्ये? काही नाही. कीबोर्डमध्ये? काही नाही हो, बाई.

"मग कशाला घेतलंय एवढं सामान?"

शेवटी कंटाळून मी म्हणालो, रॅम म्हणजे पाटी, लाईट गेली की पुसली. हार्ड डिस्क म्हणजे घरातली ट्रंक, तिच्यातलं राहतं. बाईंनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मला तर बरंच वाटलं.

रोज अकराला त्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायच्या. एक फाईल रिसायकल बिनमधून बाहेर काढायची, एका बोटानं तासभर टाईप करायचं, जाताना परत तिथंच टाकायची. ही बिन म्हणजे नको असलेल्या फाईलींची टोपली.

"बाई, ते टाकायचं ठिकाण आहे, ठेवायचं नव्हे."

"असू द्या. रझाकारीच्या वक्ताला माझ्या आजीनं पाटल्या उकिरड्यात पुरल्या हुत्या. समदं घर लुटलं, उकिरड्याला कुणी हात लावला न्हाय."

मी हात टेकले.

शनिवारी मी सगळ्या कॉम्प्युटरच्या टोपल्या रिकाम्या करतो. तीन नंबर आठवणीनं सोडायचो. एका शनिवारी डोकं ठणकत होतं, सरसकट सगळ्या साफ केल्या. घरी जेवायला बसल्यावर तीन नंबर आठवला.

सोमवारी बाई आल्या आल्या सांगून टाकलं. मग विचारलं, काय होतं त्यात? इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं.

"आमच्या मालकाचं बोलणं. त्यांची रॅम गेलीय, सर. सकाळी काय खाल्लं ते आठवत न्हाय. पर हार्ड डिस्क हाय अजून. संध्याकाळी जुनंपानं सांगत बसतेत, ते मी इथं येऊन लिहिते. घरी वही ठेवली की फाडतेत."

मला माझीच लाज वाटली. तर बाई मलाच धीर द्यायला लागल्या. "एवढं मनाला लावून घेऊ नका. परत इचारते की. सांगितलेलं त्यांना कुठं आठवतंय? दर बारीला नव्यानंच सांगतेत."

दुसऱ्या दिवशी त्या लग्नाची हकीकत टाईप करत होत्या. मांडवात मालकांनी घेतलेला उखाणा होता, आणि त्याच्या मधोमध भलीमोठी मोकळी जागा. मला वाटलं, स्पेसबार अडकला.

"न्हाय, तिथं माझं नाव हाय. जन्मभर नुसतं 'अगं' म्हणले. नाव घेतलं ते त्या उखाण्यातच. मागच्या बारीला सांगताना घेतलं हुतं. काल तिथवर आले अन् थांबले."

"मग तुम्हीच टाका की तिथं 'सुमन' म्हणून."

"त्यांनी म्हणल्याबिगर मी कसं लिहू? म्हणले की भरते."

फाईल बंद करून त्यांनी टोपलीत टाकली आणि दोन्ही चष्मे सावरत जिना उतरून गेल्या. त्या गेल्यावर मी ती बाहेर काढली, गुपचूप तिची एक प्रत ट्रंकेत ठेवली आणि मूळ फाईल परत टोपलीत टाकली. मोकळी जागा होती तशीच राहू दिली.