नामाअण्णांनी हात वर केला

भाऊ खाकरले की नामाअण्णांचा उजवा हात आपोआप वर जातो. भाऊ म्हणजे आमच्या गावातल्या एका पॅनेलचे प्रमुख आणि अण्णा त्याच पॅनेलचे ग्रामपंचायत सदस्य. ठराव कशाचा आहे, हे अण्णांनी कधी विचारल्याचं कुणाला आठवत नाही. उलट कुणी त्यांना विचारलं, तर उत्तर तयार, "आपलं ठरल्यालं हाय." एका लग्नात पंगतीत भाऊंना ठसका लागला, तर अण्णांचा हात वर! वाढप्याने मुकाट्याने दोन जिलब्या वाढल्या. अण्णांनी त्याही पॅनेलचा आदेश समजून संपवल्या.

मी मूळचा अकोल्याचा. नोकरी हिंजवडीत आणि भाड्याची खोली त्यामागच्या या गावात, अण्णांच्या शेजारी. ते मला 'अकोलेवाले' म्हणतात. रोज सकाळी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते फाट्यावर उभे राहायचे आणि तालुक्याच्या गावी, पौडला निघालेली भाऊंची जीप त्यांना घ्यायची. भाऊंच्या मागची, खिडकीकडची जागा अण्णांची. तिथून खाकरणं नीट ऐकू येतं, असं मी त्यांना चिडवायचो.

उन्हाळ्यात समोरच्या पॅनेलने ठराव आणला, भाडेकरूंच्या खोल्यांना नळ द्यायचा. समोरच्यांनी आणला म्हणजे तो पाडायचा, इतका साधा हिशेब. शिवाय आमची मतं इथं नाहीत. आम्ही भाडेकरू रिकाम्या बादल्या घेऊन पंचायतीच्या खिडकीशी गर्दी करून उभे. समोरच्यांचे हात वर गेले. भाऊ खाकरले नाहीत. आणि अण्णांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "भाऊ, पानी कुनाला द्याचं हाय?"

"भाड्यानं ऱ्हात्यात त्यास्नी. बस गप."

अण्णांनी खिडकीतल्या रिकाम्या बादल्यांकडे पाहिलं. मग त्यांचा हात सावकाश वर गेला, भरली घागर उचलावी तसा.

"आमची सुमी बी नाशकात भाड्यानंच ऱ्हातीया," ते म्हणाले. सुमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

त्या एका मताने ठराव मंजूर झाला. समोरचे हार घेऊन धावले, तर अण्णा त्यांच्यावरच खेकसले, "हार कशापायी? मी भाऊंचाच मानूस हाय!" भाऊ मात्र अण्णांना न घेताच जीपमध्ये बसून निघून गेले.

आता आमच्या नळाला पाणी आहे आणि अण्णांना गाडी नाही. तरी ते त्याच इस्त्रीत फाट्यावर असतातच. जीप दिसली की हात वर करतात, जीप न थांबता जाते. मागून समोरच्या पॅनेलची गाडी येते आणि मुद्दाम थांबते, "या की अण्णा!"

"न्हाई. आपलं ठरल्यालं हाय."

हट्टी माणूस! पण मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्यांना तसं उभं पाहून मी रोज स्कूटर हळू करतो.

परवा जीप अशीच निघून गेल्यावर मी स्कूटर थांबवली. म्हटलं, "अण्णा, सोडा आता. भाऊ काही थांबायचे नाहीत."

जीप गेली त्या वळणाकडे बघत अण्णा म्हणाले, "तुमी नीट बघितलं न्हाई, अकोलेवाले. मागं पोरं येकमेकाच्या मांडीवं बसल्यात. पन माझी जागा रिकामी हाय. भाऊंनी तितं अजून कुनाला बसवलं न्हाई."