सात मिनिटांचा फेस

काशीदादा पाटील माणूस भेटला की त्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, गालाकडे बघतात. आमच्या बाळकुमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. परवा लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूचा गाल त्यांनी नमस्कार म्हणायच्या आधी बोटाने दाबून पाहिला. तो बिचारा तेव्हापासून जिन्याने जातो.

"कातडी बघत होतो रे, समीर," मला म्हणाले. "आप्पांच्या कातडीच्या जवळ जाणारी आहे. माझा गाल काय कामाचा? खाडीच्या वाऱ्यावर वाढलेला. खराटा फिरवलास तरी गुदगुल्या होतात."

हा सगळा खटाटोप एका दाढीच्या ब्रशसाठी. आप्पा म्हणजे काशीदादांचे सासरे. वय अठ्ठ्याऐंशी, डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सुमनवहिनी, म्हणजे दादांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली आणि घरात उरले हे दोघे. एक कधीच पसंत न पडलेला जावई आणि दुसरे त्याला कधीच पसंत न करणारे सासरे. आप्पा आजही जावयाला 'अहो पाटील' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, सोसायटीच्या मॅनेजरशी बोलतायत.

आप्पांचे हात थरथरतात, म्हणून रोज सकाळी दादाच त्यांची दाढी करतात. सोमवारी जुन्या ब्रशला पार टक्कल पडलं. झालं! 'दाढी केल्याशिवाय मी माणसांत बसत नाही' हा आप्पांचा बाणा. खुंट दिसायला लागल्यावर ते खोलीचं दार लावून आत जेवायला लागले, आणि दादा बाहेर टेबलावर एकटे.

"जेवताना भांडायला तरी कोणी समोर पाहिजे ना," दादा म्हणाले. हसत म्हणाले, पण मला काही ते बरं वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात ब्रशना काय तोटा? मीही तेच म्हटलं आणि फसलो. डब्यातला आयता फेस आप्पांना चालत नाही, तो म्हणे केकवर घालतात. डुकराच्या केसांचा ब्रश हातात आला तेव्हा दादांनीच कपाळावर हात मारून घेतला. "आप्पांच्या गालाला डुक्कर? मला घराबाहेर काढतील रे, आणि घर माझं आहे!" मॉलमधला महागडा मऊ ब्रशही बाद, कारण पैसे आप्पा स्वतःच्या पेन्शनमधून देणार. पन्नासाच्या वर एक रुपया नाही, वर पावती तपासणार.

"मग किंमत खोटी सांगा की," मी म्हटलं.

"त्यांच्याशी एकदाच खोटं बोललो. लग्नाच्या वेळी, नोकरी पर्मनंट आहे म्हणून. अजून ऐकतोय."

शनिवारपर्यंत सहा ब्रश आले आणि सहाही नापास झाले. रविवारी मी पोहे खात बसलेलो, तेवढ्यात दादा दारात.

"दाढी केलीस?"

"नाही."

"उत्तम. चल."

मला स्कूटरवर घालून त्यांनी थेट डोंबिवली गाठली. तिथे सलूनचं सामान विकणारं एक दुकान आहे. दादा आधी ब्रशचा वास घेतात. मग केस मुठीत दाबून सोडतात आणि किती चटकन उभे राहतात ते बघतात. मग चिमटीत धरून ओढतात. "आज दोन गळले म्हणजे दिवाळीला नुसता दांडा." आणि हे सगळं झालं की माझा गाल. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा.

"डोळ्याला काय कळतंय? गालाला विचार."

"गाल म्हणतोय, घरी चला," मी म्हटलं.

अकराव्या ब्रशला दुकानदार वैतागला. "काका, ब्रश घेताय की सून बघताय?"

"सून तोंडाने बोलते तरी. हा गप्प राहून ओरबाडतो."

शेवटी त्याने आतून एक खोका आणला. पोपटी प्लास्टिकचा दांडा, पांढरे नकली केस. दिसायला अगदीच फालतू. पण गालावर फिरवला आणि मी चक्क डोळे मिटले. इतका मऊ! पंचेचाळीस रुपये, पावतीसकट.

सुटलो म्हणेपर्यंत दादांनी पिशवीतून मग आणि साबण काढला. समोरच्या टपरीवरून गरम पाणी घेतलं, मला फुटपाथवरच्या स्टुलावर बसवलं आणि तोंडभर फेस फासून सात मिनिटांचं घड्याळ लावलं. तिसऱ्या मिनिटाला रिक्षावाले जमले. पाचव्याला एका गृहस्थांनी विचारलं, "माझा नंबर कितवा?"

"अहो, दाढी तीन मिनिटांत होते!" मी फेसातूनच खेकसलो. "सात मिनिटं फेस ओला राहून करायचंय काय?"

"लागतात," एवढंच म्हणाले. घड्याळावरची नजर काही हटली नाही.

येताना माजिवड्याच्या सिग्नलला माझ्या कानात वाळलेला साबण होता आणि शेजारच्या बसमधली पोरं मला बघून खिदळत होती. परत या माणसाच्या वाटेला जायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

पण साक्षीला मीच लागणार होतो. आप्पांनी पावती उजेडात धरून वाचली, मग मला विचारलं, "पंचेचाळीसच?"

"हो आप्पा."

"ठीक. अहो पाटील, करा सुरू."

गॅलरीतल्या खुर्चीत आप्पा बसले. दादांनी मऊ हाताने फेस चढवला, गालावर, हनुवटीवर, मग ओठांवर चांगला जाड. आणि वस्तऱ्याला हात न लावता म्हणाले, "आप्पा, आज तुमच्या शाळेवरनं गेलेलो. सुमन तुमचा डबा घेऊन यायची ना तिथे."

या घरात वहिनीचं नाव निघालं की आप्पा 'तो विषय नको' म्हणून उठून जातात, हे मी स्वतः पाहिलंय. पण आता ओठांवर फेस होता. बोलायला जावं तर साबण तोंडात.

"तुम्हाला वाटायचं, विसरलेला डबा पोरगी धावत आणते," दादा सांगत होते. "तुम्ही कधीच विसरला नव्हतात, आप्पा. तीच तुमच्या पिशवीतून काढून ठेवायची. डबा द्यायचा आणि परत जाताना मला भेटायचं."

आप्पा हलले नाहीत. डोळे मात्र भरून आलेले. तेव्हा मला कळलं, सात मिनिटं कशाला लागतात ते. दिवसभरात बायकोविषयी बोलायला या माणसाला तेवढीच मिळत होती. मला फार वाईट वाटलं, आणि सिग्नलवरच्या रागाची लाजही वाटली.

मग दादांनी दाढी केली, तोंड पुसलं, टॉवेलची घडी घातली. आप्पांनी गळ्यावरून हात फिरवला.

"पाटील, हनुवटीखाली राहिलंय."

मी वाकून बघितलं. काहीसुद्धा राहिलं नव्हतं. दादा मगमध्ये ब्रश घुसळायला लागले.

"आणि ओठांवर जरा जाड लावा," आप्पा म्हणाले.